कात्रीचं तेल

आज सकाळी शिवणाच्या मशीनला तेल दिलं आणि त्या वासासरशी इंदापूरकडची आमची डाळिंबाची बाग डोळ्यांपुढे उभी राहिली. एका वर्षी तेल्या रोगाने सगळी फळं काळी पडून फुटली. नवा बहर धरायचा म्हणून वडिलांनी बागेचं पाणी तोडलं. पानं गळली की छाटणी करायची आणि मगच पाणी सोडायचं, अशी रीत. पानं गळली, शेजारच्या बागा छाटून पुन्हा हिरव्या झाल्या, तरी वडील रोज ओट्यावर बसून छाटणीच्या कात्रीला धार लावायचे, तेल द्यायचे, पुसायचे आणि "उद्या लावू बागेला" म्हणत ती खुंटीला अडकवायचे. गावाने त्यांना आळशी ठरवलं. शेवटी एका सकाळी आई त्यांना बागेत घेऊन गेली. म्हणाली, "एक तरी फांदी कापा. झाडं वाळाया लागल्यात." वडिलांनी कात्री फांदीला लावली. पण दाबली नाही. "कापली की कळंल गं, आत हिरवी हाय का वाळलीय," ते म्हणाले. "न्हाय कापली तवर जिती हाय." मग आईनेच कात्री घेऊन फांदी कापली. आत ती तपकिरी, कोरडी होती. पुढच्या झाडाचीही तशीच. वडील तिथंच खाली बसले आणि आईच्या हातातली कात्री घेऊन सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. काखेतली गाठ डॉक्टरांना दाखवायला मला आज बारामतीला जायचं होतं. मशीन केव्हाच लख्ख झालंय, तरी चिंधी माझ्या हातातच आहे.