शेवटच्या भोंग्यानंतर

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एका रविवारी दुपारी जिल्ह्याच्या इतिहासावर व्याख्यान असायचं. शिवणकामवाल्या काकू तिथे गेल्या त्या निव्वळ सुनेच्या हट्टाखातर. "दिवसभर मशीनवर मान मोडून बसता, जरा चार माणसांत चला," म्हणत तिने त्यांना जवळजवळ ओढतच नेलं. विषय काय, ते तिलाही धड ठाऊक नव्हतं.

विषय होता बंद पडलेला कागद कारखाना.

काकूंचे यजमान त्या कारखान्यात भोंगा वाजवायचे. बॉयलरच्या खोलीतली साखळी त्यांनी ओढली की नदीपलीकडच्या वस्तीपर्यंत आवाज जायचा. कारखाना बंद झाला त्या दिवशी शेवटचा भोंगाही त्यांनीच वाजवला आणि ते घरी आले नाहीत. त्या संध्याकाळी नाही, नंतरही कधी नाही. पोलिसांनी नदी धुंडाळली, दिरांनी नातेवाइकांची घरं पालथी घातली. काही म्हणजे काही हाती लागलं नाही. मुलगा तेव्हा नुकता पाऊल टाकू लागला होता. काकूंनी शाळेचे गणवेश शिवून त्याला वाढवलं. कुणी विचारलंच तर "हे बाहेरगावी असतात" म्हणायच्या. पुढे लोक विचारेनासे झाले.

व्याख्यान द्यायला निवृत्त मास्तर होते. कारखाना कुणी काढला, लगदा कुठून यायचा, संप कसा चिघळला, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. काकू मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. शेवटी मास्तर म्हणाले, "आता एक गंमत. आपल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांनी शेवटच्या दिवशी टेप करून ठेवलेला आवाज ऐका."

आधी खरखर आली, मग भोंगा. म्हातारी माणसं एकदम ताठ झाली. एकाने मनगटाकडे पाहिलं, तिथे घड्याळच नव्हतं. "अगं बाई, गॅसवर काही ठेवलंय की काय मी!" एक बाई म्हणाली आणि सगळे हसले. भोंगा लांबत गेला, विरला. मग टेपवरच्या शांततेत कुणीतरी खाकरलं. घसा साफ करावा तसं, हळूच. त्यामागून पावलं, लोखंडी दार ओढल्याचा आवाज, आणि पुन्हा खरखर.

सुनेने पाहिलं तर सासूबाई उभ्या होत्या.

"आई, काय झालं?"

"हे आले," काकू म्हणाल्या आणि सभागृहाच्या दाराकडे बघत राहिल्या.

त्यानंतर घरात ते खाकरणं सुरू झालं. निदान काकूंना तरी ते ऐकू यायचं. मशीन चालवता चालवता त्या एकदम पाय थांबवायच्या आणि कान द्यायच्या. सुनेने हाक मारली तर बोटाने गप्प करायच्या. एकदा जेवताना त्यांनी पाण्याचा एक पेला जास्तीचा भरला, तेव्हा मुलगा भडकला.

"ते गेले ते आपल्या पायांनी गेले. आता त्यांचं भूत कशाला घरात घेतेस?"

"भूत असतं तर बरं झालं असतं रे," काकू म्हणाल्या. "माणूस मेला एवढं तरी कळलं असतं."

पेला तसाच राहिला.

पुढच्या व्याख्यानाला काकू आपण होऊन गेल्या. विषय जुन्या विहिरींचा होता, पण त्यांना भेटायचं होतं रेडिओ दुरुस्तीवाल्यांना. ते आता काठी टेकत चालायचे. काकूंनी कोण, काय ते सांगितल्यावर ते काठी भिंतीला लावून खुर्चीवर बसले.

"वहिनी, टेप चालू असताना बोलू नका, असं मीच त्यांना बजावलं होतं. म्हणून नुसते खाकरले. नाहीतर काहीतरी बोलले असते."

"मग नंतर?"

"बाहेर आवारात डबा घेऊन उभे होते. म्हटलं, चला, स्कूटरवरून घरी सोडतो. तर म्हणाले, 'उद्यापासून घरी काय म्हणून बसायचं हो?' मला वाटलं थट्टा करतायत. मी हसलो आणि वायरी गुंडाळायला लागलो."

"कुठल्या बाजूला गेले?"

"मी मान वर करून पाहिलंच नाही, वहिनी."

त्याच्या पुढच्या खेपेला ग्रंथालयाने लोकांना प्रत्यक्ष कारखान्यात नेलं. खाली दगडविटांचा खच म्हणून आईचा हात धरायला सुनेबरोबर मुलगाही आला, नाखुशीनेच. बॉयलरच्या खोलीत छत उडालेलं होतं, साखळीची कप्पी मात्र वर अजून लटकत होती. मास्तर माहिती सांगत असताना काकू मध्येच म्हणाल्या, "मी थोडं बोलू का?"

सगळे वळले.

"भोंगा वाजवणाऱ्याची मी बायको. हे बाहेरगावी असतात असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खोटं आहे. ते कुठे गेले मला ठाऊक नाही."

मग एक एक जण पुढे आला. एका आजोबांनी त्यांना त्या दिवशी एसटी स्टँडवर पाहिलं होतं, हातात डबा होता. एका बाईने पुलावर पाहिलं होतं, कठड्याला टेकून उभे. एक दुकानदार म्हणाला, बऱ्याच वर्षांनी दूरच्या एका शहरात ते दिसले, केस पिकलेले, पण चाल तीच, हाक मारेपर्यंत गर्दीत दिसेनासे झाले. प्रत्येक जण शपथेवर सांगत होता. काकू प्रत्येकाला "बरं" म्हणत होत्या.

"इतकी वर्षं का नाही सांगितलंत?" सुनेने न राहवून विचारलं.

"विचारलं कुणी?" आजोबा म्हणाले. "आम्हाला वाटलं, ह्यांना दुखेल."

तिघं कारखान्याच्या भिंतीकडेने परत निघाली. भिंतीपलीकडे नदी वाहत होती. मुलाने चालता चालताच विचारलं, "ते चालायचे कसे?"

जन्मात पहिल्यांदा त्याने बापाबद्दल काही विचारलं होतं. काकूंनी पिशवी सुनेकडे दिली. डावा खांदा पाडला, एक हात पाठीमागे नेला आणि रस्त्याच्या कडेने पावलं घासत थोडं चालून दाखवलं.

सून जागच्या जागी थबकली. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी खिडकीतून ती आपल्या नवऱ्याला ह्याच चालीने घराकडे येताना बघत आली होती.