उदासीचे माप

साठ सालानंतरची गोष्ट. डहाणूच्या शाळेत मी शिक्षक असताना मुंबईहून एक संशोधक बाई आल्या. किशोरवयीन मुला-मुलींमधील उदासी मोजणे हे त्यांचे काम. चष्मा पदराने पुसायचा, समोरच्याकडे नीट पाहायचे आणि मगच प्रश्न विचारायचा, अशी त्यांची रीत होती.

"कधी रडू येते का?" या प्रश्नाला मुली मोकळेपणाने "येतं" म्हणाल्या. मुलगे एकजात "नाय" म्हणाले. जवळच्या आगर गावचा एक कोळ्याचा मुलगा तर हसला. "बाई, रडणाऱ्याला होडीवर घेत नाय."

हा मुलगा रोज कोणाशी तरी मारामारी करी. मुख्याध्यापक त्याला शाळेतून काढणार होते. ते कळल्यावर बाईंनी त्याला पुन्हा बोलावले.

"बरं, भांडावंसं कधीपासून वाटतं?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दादा झाई गावाला दुसऱ्याच्या होडीवर गेला तवापासून. घरात बोलायला कोण नाय."

बाई मला म्हणाल्या, "गुरुजी, प्रश्नांचा सदरा मी मुलींच्या मापाचा शिवला आणि मुलग्यांना तोच घालून पाहत होते."

मग त्या मुख्याध्यापकांशी बोलल्या. मुलाचे शाळेतले नाव राहिले आणि मधल्या सुट्टीत त्याने माझ्याकडे गप्पा मारायला यावे असे ठरले. तो येऊ लागला.

निघताना बाईंची पिशवी त्यानेच स्टेशनपर्यंत नेली.

"दुसऱ्या शाळेत पण भांडणाचं इचारणार काय, बाई?"

"विचारणार."

"मग पोरं खरं सांगतील."