पन्नास पावलं मागं

कृष्णाकाठी आजवर जेवढी धीट माणसं जन्मली, त्या सगळ्यांत घाबरट असण्याचा मान माझ्या आत्याच्या यजमानांकडे जातो. आणि हा मान त्यांनी घरात बसून नव्हे, चांगला लढाईवर जाऊन मिळवला होता. आमचं बिऱ्हाड त्यांच्याच घरात, आणि आम्ही त्यांना मामा म्हणत असू. सुरुंग पेरणाऱ्या आणि काढणाऱ्या पलटणीत ते हवालदार होते. आफ्रिकेच्या वाळवंटातून उजव्या हाताची दोन बोटं गमावून ते कराडला परतले, ते जगातल्या प्रत्येक वस्तूबद्दलचा संशय घेऊनच. लग्नात कुणी हातावर नारळ ठेवला तरी तो कुणी दिला, देताना कुणी पाहिला, याची चौकशी झाल्याशिवाय ते मूठ मिटत नसत. एकदा संक्रांतीला शेजारीण तिळगुळाचा डबा आमच्या ओट्यावर ठेवून गेली. आत्या पाणी घेऊन येते तो मामांनी डब्याभोवती चुन्याची रेघ ओढून गल्ली बंद केलेली, आणि पलीकडून शेजारीण डबा माझाच आहे म्हणून बोंबलतेय. आत्याने रेघ ओलांडली, झाकण काढलं आणि एक लाडू तोंडात टाकला. मामा तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. संसारातले तेवढेच दोन दिवस निवांत गेले, असं ती पुढे सांगत असे.

लढाई अजून चालू होती. बॉम्ब कुठे सापडला तर काय करायचं ते लोकांना शिकवावं म्हणून गावोगाव बचावपथकं निघाली. आमच्या पथकात बंबावरची चार माणसं, दोन पोलीस, दवाखान्यातला कंपाउंडर आणि बंबखान्यातला कारकून म्हणून मी. शिकवायला अर्थात मामा. रोज सकाळी संगमावरच्या वाळूत धडा चाले, आणि तो एकच होता. अनोळखी वस्तू दिसली की हात पाठीमागे बांधायचे, पन्नास पावलं मागं सरायचं, माणसं हलवायची, पलटणीला सांगावा धाडायचा आणि गप वाट बघायची. परीक्षेसाठी आत्याच्या स्वयंपाकघरातली एकेक वस्तू वाळूत येई. जो हात लावील तो मेला, आणि मेलेल्याने धडा संपेपर्यंत आडवं पडायचं. पहिला महिनाभर मी रोज मेलो. एकदा तर आमच्याच घरची कळशी दिसली म्हणून कौतुकानं उचलली, तर मामा म्हणाले की ओळखीची वस्तू भलत्या जागी असली म्हणजे ती अनोळखीच. स्नानाला आलेल्या बायका आम्हाला ओळीनं आडवे पाहून हळहळत पुढे जात.

एवढं भ्यायचं कशाला, असं एकदा मी वैतागून विचारलं. आपल्याकडची माणसं भिणारी नव्हेत, असंही वर ऐकवलं. मामांनी तीन बोटांचा हात माझ्यापुढे धरला.

"माजा धाकला भाऊ लय धीट व्हता," ते म्हणाले. "वाळूत फौंटनपेन पडलं व्हतं. त्याला लिवाय येत न्हवतं रं, तरी उचाललं."

पेनात दारू भरलेली होती; मामांची बोटंही त्याच स्फोटात गेली होती. तुमच्यातला एक जरी माणूस असा गेला तर मी पुन्हा कुणाला तोंड दाखवणार नाही, असं म्हणून त्यांनी मला परत आडवं पाडलं. त्या दिवसापासून मी मरायचा थांबलो.

पुढच्याच चैत्रात कंपाउंडर उंब्रजच्या बाजूला एका म्हातारीला तापाचं औषध द्यायला गेला. तिचा एकुलता एक मुलगा लढाईत गेला होता. देह काही आला नाही. रजेवर आलेल्या सोबत्याने त्याची ट्रंक तेवढी आणून दिली. तिच्यात दोन सदरे आणि एक खाचाखाचांचा लोखंडी गोळा. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्याचा चांदीचा टाक करून देवघरात बसवतात. म्हातारीला चांदी कुठली? लेकानं जपून ठेवलेली वस्तू म्हणून तिने तो गोळाच देवांत मांडला. त्याला रोज आंघोळ, रोज हळदकुंकू, शेजारी निरांजन. कंपाउंडरने देवघराकडे पाहिलं, औषधाची बाटली खाली ठेवली, हात मागे बांधले आणि तो पाठमोरा चालत घराबाहेर पडला. वाटेत दोन घागरी लवंडल्या, पण शिकवणी फुकट गेली नाही.

आम्ही जाऊन आसपासची घरं रिकामी केली. पुण्याला सांगावा गेला. म्हातारी मात्र जागची हलेना. लेकाला एकटं सोडून येत नाही म्हणाली. मामा पन्नास पावलांवरून तासभर विनवत होते. मग आम्हाला जागचं हलू नका म्हणून बजावून ते स्वतः चालत गेले आणि तिच्या उंबऱ्यावर बसले. काय बोलणं झालं ते पुढे म्हातारीनंच मला सांगितलं.

"आवं आई, माज्या भावाचं तर कायबी आलं न्हाई. तुमी बसनार असशीला तर म्याबी हितंच बसतो."

दुसऱ्या कुणाचा लेक आपल्यापायी नको, म्हणून ती उठली.

दुसऱ्या दिवशी पलटणीच्या माणसांनी तो गोळा नदीच्या पात्रात नेऊन उडवला. आवाजाने झाडावरचे बगळे उठले. म्हातारी लांब बांधावर बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "घरात तर कवा मोट्यानं बोलला न्हाई त्यो."

मामांनी तोंड फिरवलं. नंतर त्यांनी कराडच्या सोनाराकडून तिला चांदीचा टाक करून दिला, आणि दर गुरुवारी देवघर तपासायच्या निमित्ताने ते तिच्याकडे जाऊ लागले. वाळवंटात तिचा लेक काय खायचा, थंडीत काय पांघरायचा, आईची आठवण कशी काढायचा, हे सगळं तिला सांगत. त्या पोराला मामांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

गेल्या साली मामा गेले. ते सांगायला मीच म्हातारीकडे गेलो. तिनं टाकापुढचं निरांजन सारखं केलं. मग तिनं विचारलं, "आता माज्या लेकाचं मला कोन सांगनार?"

मी पुण्याच्या पलीकडे कधी गेलेलो नाही. पण ओट्यावर बसलो आणि सांगायला लागलो. सांगता सांगता चुकलो की ती मला थांबवते. "न्हाई, तसं न्हवं. हवालदार म्हनायचं..." म्हणते आणि मामांचं बोलणं शब्दाला शब्द, त्यांच्याच ठसक्यात म्हणून दाखवते. मला त्यांची फार आठवण येते. हल्ली गुरुवारी मी मुद्दाम चुकतो.