ओडीलच्या फ्रिजमधला डबा

ओडील गिड्री ब्याऐंशी वर्षांची. लुइझियानातल्या वृद्धाश्रमात तिच्या खाटेशेजारी तिचा स्वतःचा छोटा फ्रिज होता. त्यात काय असायचं, तर लोणी, दोन संत्री आणि खाली आइस्क्रीमचा मोठा डबा. आइस्क्रीम कुठलं, त्यात गंबो. तिकडं कुणाच्याही घरी आइस्क्रीमचा डबा उघडा, आत गंबोच निघायचा. हे कोंबडीचं दाट कालवण तिच्या थोरल्या बहिणीनं, एलोडीनं, करून पाठवलेलं. आणि पाठवलं त्याच्या चौथ्या दिवशी एलोडी गेली.

आता आश्रमाचा नियम असा, की बाहेरून आलेल्या अन्नावर तारीख चिकटवायची आणि तीन दिवसांनी टाकून द्यायचं. म्हाताऱ्या पोटाला बाधलं तर जिवावरच बेततं ना. ओडीलनं काय करावं, तर तारखेची चिठ्ठीच सोलून काढली.

सेविका रेनिटा फ्रिज तपासायला आली. "मिस ओडील, हा कधीचा?"

"झाकणावर तारीख आहे की. पुढच्या वर्षापर्यंत चालतो."

"ती आइस्क्रीमची."

"मग आइस्क्रीम समज आणि जा."

रेनिटा हसली, पण हलली नाही. "एलोडीबाईंना जाऊनच आठवडा झाला, मिस ओडील."

ओडील खात नव्हतीच त्यातलं. रोज दार उघडून नुसतं बघायची. बहिणीच्या हातचं आता एवढंच उरलेलं.

"आईचा गंबो दोन-दोन दिवस चुलीवरच असायचा," ती म्हणाली. "कुणी मेलं नाही."

शेजारच्या खाटेवरची वर्ना परवाच तापातून उठलेली. तिनं वाटी पुढं केली. "मग दे गं मला थोडा. तुमचं भांडण ऐकून भूक लागली."

ओडीलचा हात झाकणावर होता, तो तिथंच राहिला. "तुला नको."

"का? चांगलाय म्हणतेस ना?"

"तुझ्या पोटाला नको म्हटलं ना."

बोलून गेली, आणि तिचं तिलाच कळलं. रेनिटानं वर्नाची वाटी हळूच बाजूला ठेवली. शहाणी पोर.

डबा मांडीवर घेऊन ओडील म्हणाली, "कचऱ्यात नाही टाकायचा."

"नाही टाकत."

मग रेनिटाचा दंड धरून ती संडासापर्यंत गेली. डब्याचं झाकण काढलं तर आंबूस वास आला, वर फेस धरलेला. स्वतःच्या हातानं तिनं डबा वाकडा केला.

"एलोडी असती तर थोबाडीत दिली असती मला," ओतता ओतता ती म्हणाली. "एवढं राबून केला, आणि कुणी खाल्ला नाही."