मधल्या वड्या

कोथरूडला आमच्या वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीत साबण करतात. डोळ्यांवर स्कूटरचा गॉगल, हातात रबरी मोजे, पातेल्यात खोबरेल आणि कॉस्टिकचं पाणी. कुणी लवकर मागितला, की म्हणतात, "अजून कच्चा आहे, कातडं सोलून निघेल. घाई असेल तर खाली दुकान आहे."

घोटलेला साबण ते स्टीलच्या ताटात ओततात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडतात. याच ताटात काकू नारळाच्या वड्या थापायच्या. पहिली वाटी आमच्याकडे यायची. काकू गेल्या, तरी वाटी येते. आता तिच्यात साबण असतो.

परवा रिकामी वाटी कशी द्यायची, म्हणून साखर घालून वर गेले. फडताळ उघडं होतं. आत आजवरच्या प्रत्येक ताटातल्या मधल्या वड्या ओळीने मांडलेल्या. ताटाच्या मध्यावर काकूंचं नाव कोरलेलं आहे. ते उलट्या अक्षरांत वड्यांच्या पाठीवर उमटलं होतं.

"काका, या कधी वाटणार?" मी भाबडेपणाने विचारलं.

त्यांनी फडताळ हळूच लावून घेतलं.

"त्या अजून कच्च्या आहेत."