लेखीचे मार्क माझ्या हातातले

सांगलीतल्या क्लासमध्ये इतिहास शिकवणारे सर एकदा इंग्रजांच्या काळातल्या मुलकी सेवेच्या परीक्षेबद्दल सांगत होते. परीक्षा लंडनला. वयाची अट अशी की इथला मुलगा तिथं पोचेपर्यंत वय निघून जावं. विषय तिकडच्या शाळांत शिकलेल्यांना सोपे पडणारे. आणि एवढं सगळं पार करून एखादा गेलाच पुढं, तर शेवटी घोड्यावर बसून दाखवायचं.

"लेखी पास झालेला माणूस घोड्यापायी परत आला, असंही झालंय," सर म्हणाले. "घोडा असायचा बड्यांच्या घरी. तुमच्या-आमच्यात कुणाला येणार बसायला?"

मी हात वर केला. "मला येतंय की, सर."

सगळा वर्ग हसला. सरही हसले आणि माझ्याच सुरात म्हणाले, "काय येतंय की?"

"घोड्यावर बसायला."

"आधी ते 'येतंय की' सोड. मुलाखतीत असं बोललीस तर आत यायच्या आधीच बाहेर जाशील."

मी खोटं बोलत नव्हते. आम्ही आटपाडीकडचे धनगर. दिवाळी झाली की आबा, आय आणि भावकीतली दोन-तीन घरं मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायची, ती थेट पाऊसकाळाच्या तोंडाला परतायची. कराड, उंब्रजकडच्या शेतांत मेंढरं बसवायची. शेतकऱ्याला लेंडीखत मिळायचं, आम्हाला धान्य. सगळं बिऱ्हाड घोड्यावर असायचं. भांडी, पिठाचं गाठोडं, नुकतीच झालेली कोकरं आणि लहान पोरं. मी पायानं चालायच्या आधी घोड्यावरून चालले. शाळा सुरू झाल्यावर मला आटपाडीत आत्याकडं ठेवलं, पण सुट्टी लागली की मी वाड्यावर, म्हणजे मेंढरं जिथं उतरली असतील तिथं.

राज्यसेवेच्या परीक्षेचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते दहावीनंतर. जातीचा दाखला काढायचा होता. आबा मला घेऊन एका कचेरीत गेले. टेबलामागच्या कारकुनानं कागद चाळले.

"रहिवासी कुठले?"

"हितलंच की, साहेब. घर हाय गावात."

"घराला तर आठ महिने कुलूप. असता कुठं?"

"मेंढरामागं."

"मग दाखला मेंढरांकडूनच घ्या ना."

शेजारच्या टेबलावरचा हसला. आबांनी कागद गोळा केले, पिशवीत घातले आणि पिशवी छातीशी धरून बाहेर आले. तो दाखला आम्हाला चौथ्या खेपेला मिळाला. त्या पहिल्या दिवशी परतताना मी विचारलं, "आबा, तुमी बोलला का न्हाई त्येला?"

"काम हुईस्तोवर बोलायचं नसतंय, बाय."

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. त्या दिवसापासून मला टेबलाच्या पलीकडं जायचं होतं.

बीए झाल्यावर मी सांगलीत खोली घेतली. सोबतीला सांगलीजवळच्या एका खेड्यातली जैन शेतकऱ्याची मुलगी होती. तीही हीच परीक्षा देत होती. ती दिवस मावळायच्या आत जेवायची, त्यामुळं साडेपाचलाच आमची ताटं मांडलेली असायची आणि मलाही तीच सवय लागली. ती अर्थशास्त्रात पक्की होती, मी भूगोलात. नकाशात बघून पाठ करायची तिला सवय. मला निम्मा जिल्हा पायाखालून गेलेला.

दुसऱ्या प्रयत्नात मी पूर्व आणि मुख्य अशा दोन्ही परीक्षा पार केल्या. मग क्लासमध्ये मुलाखतीची तालीम सुरू झाली. सरांनी मला एक वही दिली. तिच्यात डाव्या बाजूला माझे शब्द, उजव्या बाजूला 'शुद्ध'. व्हय, न्हाई, कवा, लय, आमी. दोन पानं भरली होती.

"रोज आरशासमोर म्हण," ते म्हणाले.

"सर, माझं बोलणं कळत नाही का कुणाला?"

"कळण्याचा प्रश्न नाही. इंग्रज गेला, पण खुर्ची तीच आहे. त्या खुर्चीची एक भाषा असते. आधी बस तिथं, मग काय बदलायचं ते बदल."

सर वाईट माणूस नव्हते. माझ्या भल्याचंच सांगत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच जास्त राग आला. मी खोलीवर येऊन ती वही मैत्रिणीपुढं टाकली. तिनं दोन्ही पानं वाचली आणि म्हणाली, "मला तर तुझं सगळं कळतं गं. त्यांना कळायला काय झालं?" मी वही परत नेऊन दिली. कोरी पानं फाडून घेतली तेवढी.

मुलाखतीला समोर बसलेल्यांपैकी एका सदस्यांनी माझा अर्ज बघितला. वडिलांचा व्यवसाय, मेंढपाळ. त्यांनी चष्मा वर केला. "पूर्वी मुलकी सेवेत घोडेस्वारीची परीक्षा असायची, माहीत आहे?"

"हो, सर."

"आज घोडा गेला. मग त्याच्या जागी अधिकाऱ्याची कसली परीक्षा घ्यावी, असं तुम्हाला वाटतं?"

संगणक म्हणावं, संवादकौशल्य म्हणावं, अशी उत्तरं आम्ही तालमीत घोकली होती. माझ्या तोंडून निघालं, "एक महिना मेंढरांमागं चालायला लावावं."

कुणीतरी हसलं. ते सदस्य हसले नाहीत. "थट्टा करताय?"

"न्हाई, सर." झालं, निसटलंच. मग मी आवरायचं सोडून दिलं. "महिन्यात वीस गावं हुतात. परत्येक गावात पाण्याला कुणाला विचारायचं, वनखात्याची हद्द कुठनं सुरू हुती, कुणाच्या रानात पीक उभं हाय, हे बघावं लागतं. आजारी जनावराला डॉक्टर कुठं मिळंल, लेकरांची शाळा कुठं बुडंल, हे कळतं. चालणाऱ्या माणसाला सरकार किती जागी आडवं येतं आन पायजे तवा किती जागी सापडत न्हाई, ते घोकून कळत न्हाई, सर."

"पण प्रशासन म्हणजे फक्त मेंढपाळ नव्हे."

"व्हय, सर. पण प्रशासन म्हणजे घोडेस्वारी तरी कुठं हुतं?"

त्या सदस्यांनी माझा अर्ज बाजूला ठेवला. मग अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे, या तुम्ही."

निकाल लागला. चार मार्कांनी गेले. मुलाखतीचे मार्क कमी पडले होते. ते बोलण्यामुळं कमी पडले, उत्तरामुळं, की दुसऱ्याच कशानं, हे मला कधीच कळणार नाही. सर मात्र म्हणाले, "सांगितलं होतं."

आबांचा वाडा तेव्हा उंब्रजजवळ होता. मी एसटीनं गेले. ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसली होती, आय चुलीपुढं होती. आबांनी मला बसायलाही सांगितलं नाही.

"किती कमी?"

"चार."

"कुनी दिलं न्हाईत?"

"मुलाखतवाल्यांनी."

"आन लेखीत तुला किती मिळायचं राहिलं?"

अर्थशास्त्राच्या पेपरात माझं सगळंच मातीत गेलं होतं. "चाळीस तरी असतील."

"म्हंजी त्यांनी चार ठेवून घेतलं, आन तू चाळीस टाकून आलीस व्हय? आन रडतीयास त्या चारासाठी?"

आय म्हणाली, "आवं, लेकरू आत्ता आलंय, भाकरी तर खाऊ द्या." पण मला भाकरीपेक्षा तेच बोलणं हवं होतं. मुलाखतीचे मार्क त्यांच्या हातात होते. लेखीचे माझ्या. मग माझ्या हातातले इतके करायचे, की त्यांच्या हातातल्यांचं वजनच उरू नये.

पुढचं सगळं वर्ष मी अर्थशास्त्राला जुंपलं. मैत्रिणीला त्याच वर्षी दुसऱ्या एका परीक्षेतून विक्रीकर निरीक्षकाची जागा मिळाली होती, तरी रुजू होईस्तोवर ती मला रोज दोन तास शिकवायची, न कळल्यास त्याच धड्यावर पुन्हा आणायची. आत्या लग्नाची स्थळं आणायची. मी बघायलाच गेले नाही. क्लासमध्ये पुन्हा तालमीला बोलावलं, तिकडंही गेले नाही.

दुसऱ्या मुलाखतीला घोड्याचा विषय निघाला नाही. दुष्काळी तालुक्यातल्या पाण्यावर विचारलं, डाळिंबाच्या बागांवर विचारलं. मी बोलते तशीच बोलले. मार्क आले, ते आधीच्या मुलाखतीपेक्षा एकानं जास्त. एकानं! पण लेखीत मी इतकी पुढं होते, की त्या एकाचीही गरज नव्हती. नायब तहसीलदार म्हणून माझी निवड झाली.

तिसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. "फोटो पाठव. चौकात फ्लेक्स लावतोय."

"फोटोखाली काय लिहिणार, सर?"

"मुलाखत मार्गदर्शनातून घडलेली अधिकारी."

"ते नको. इतिहास तुम्ही शिकवला, चांगला शिकवला. तेवढंच लिहा."

"इतिहासासाठी कोण येतंय गं क्लासला?"

"मग फोटो नको, सर."

ते बरंच बोलले. मी उपकार विसरले, असंही म्हणाले. मी ऐकून घेतलं, पण फोटो दिला नाही. चौकात फ्लेक्स लागला, इतरांचे चेहरे होते, माझा नव्हता. आबांना कुणीतरी सांगितलं, तर ते मला म्हणाले, "बरं केलंस."

आता मी सातारा जिल्ह्यात आहे. रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात एका गावात ग्रामस्थांची बैठक घेतली. रेशनकार्डांच्या तक्रारी होत्या, पंचवीसेक बायका पुढं बसल्या होत्या. बैठक संपल्यावर कचेरीतले जुने अव्वल कारकून जीपपाशी येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. माइकवर जरा अधिकाऱ्यासारखं बोललं तर बरं दिसतं."

"बायकांना कळलं का, मी काय बोलले ते?"

"हो, कळलं की. प्रश्नबी लय विचारले त्यांनी."

"मग पुढच्या गावाला निरोप द्या," मी म्हणाले. "मंगळवारी येतोय आपण."