खंडेनवमीला वाकलेली तलवार

कामथडीचे अमृत मांगडे भोर आगारातून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, तेव्हा पेन्शनसोबत त्यांनी एक सवयही घरी आणली. हत्यारांविषयी विचारलं नसतानाही बोलायची. सवय लागली वेल्ह्याच्या गाडीवर. तोरण्याला निघालेली पुण्याची पोरं शनिवारी गाडी भरून बसायची आणि तिकीट फाडता फाडता अमृतराव त्यांना पट्टा आणि दांडपट्टा यांतला फरक समजावून सांगायचे. दोन्ही नावं एकाच हत्याराची, हे त्यांना फार उशिरा कळलं. तोवर निम्म्या पुण्यानं तो फरक पाठ केला होता. "माजं ग्यान म्हंजी हाफ तिकीट," असं ते स्वतःच म्हणायचे. पण म्हणायचे ते अशा आवाजात, की ऐकणाऱ्याला तो विनय वाटावा.

निवृत्तीनंतर शेफालीनं, त्यांच्या लेकीनं, आई-बापाला नॉर्वेला नेलं. ती तिथं दवाखान्यात नर्स आहे. एके दिवशी तिनं बापाला जुन्या वस्तूंचं संग्रहालय दाखवलं आणि तिथं काचेआड अमृतरावांना व्हायकिंग तलवार भेटली. हजार वर्षांपूर्वी जहाजं हाकत मुलूखभर लूट आणि व्यापार करत फिरलेल्या दर्यावर्दी लोकांची ती तलवार. गंजून काळी पडलेली, कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या. पात्याच्या मधून उथळ पन्हळ गेलेली, आणि मूठ इतकी आखूड की चार बोटं जेमतेम मावावीत.

"बारक्या हाताची मानसं असनार," अमृतरावांनी निकाल दिला.

शेजारी उभ्या असलेल्या तिथल्या पहारेकऱ्याचा पंजा फावड्याएवढा होता. शेफालीनं त्या पंज्याकडं पाहिलं, मग बापाकडं पाहिलं. अमृतराव मात्र तिथून हलेनात. मायलेकी सगळी दालनं पाहून आल्या तरी हे तिथंच. शेवटी पहारेकऱ्यानंच त्यांना खुर्ची आणून दिली.

कामथडीला परतल्यावर त्यांना चैन पडेना. मोबाईलवर शोधता शोधता एका दुकानात तसली नक्कल सापडली. 'अस्सल व्हायकिंग, हाताने घडवलेली.' फोटोत ती अशी लखलखत होती की अमृतरावांनी पुढचं काही वाचलंच नाही. महिन्याभरानं नसरापुरात पार्सल आलं. मांडीवर आडवं खोकं घेऊन ते टेम्पोतून घरी आले, तेव्हा मंगलकाकूंनी, त्यांच्या बायकोनं, खोक्यावरचा पत्ता वाचला.

"अवो, नॉर्वे डेहराडूनला कवा आलं?"

"कारखाना तितला हाय. इद्या नॉर्वेची." ही माहिती त्यांना स्वतःलाही त्याच क्षणी मिळाली होती.

मग ओसरीवर तलवारीची पारख झाली. अमृतरावांनी ती उचलली, तर मनगट खाली गेलं. जड, म्हणजे दणकट. पात्यात तोंड दिसत होतं. म्हणजे पोलाद उत्तम. मूठ चांगली ऐसपैस, क्रिकेटच्या बॅटीसारखी दोन्ही हातांनी धरता येईल अशी. म्हणजे डेहराडूनवाल्यांनी मूळ कारागिराची चूक सुधारली. हलवली की मुठीजवळची आडवी पट्टी टकटक वाजायची. त्याचं कारण अमृतरावांना चटकन सुचलं नाही. थोड्या वेळानं सुचलं. "शत्रूला भ्या वाटावं म्हनून."

"मला तर पाळन्याची घुंगरं वाटली," मंगलकाकू म्हणाल्या आणि भाकरी टाकायला आत गेल्या.

ही बातमी हरिबाला लागली. हरिबा वेल्ह्याच्या वरच्या अंगाला धनगरवाड्यावर राहणारा, अमृतरावांच्या गाडीतून वर्षानुवर्षं बाजाराला ये-जा केलेला दोस्त. त्यानं फोन केला. "मास्तर, खंडेनवमीला आमी कोयतं, कुराडी, लोकरीच्या कातरी सगळं पुजतो. तुमची तलवार घिऊन या. आन दोन शबुद बोला." अमृतरावांना कुणी दोन शब्द बोला म्हणालं, की त्यांच्या डोळ्यांपुढं दोन तास उभे राहायचे. ते लगेच हो म्हणाले.

भाषणात घालायला काहीतरी भारदस्त हवं, म्हणून त्यांनी शेफालीला विचारलं. तिनं सुट्टीच्या दिवशी संग्रहालयात जाऊन तिथल्या बाईंशी बोलून सगळं मराठीत लिहून पाठवलं. अशा तलवारीचं वजन बहुधा किलोच्या थोडंफार वर असतं. एका हातानं चालवायची, दुसऱ्या हातात ढाल. मूठ आखूडच असते, कारण धरणाऱ्याचा पंजा वरची आडवी पट्टी आणि खालचा लट्टू यांच्यामध्ये घट्ट बसायला हवा. काहीही हलता-वाजता कामा नये. आणि चांगलं पातं थोडं वाकवून सोडलं, तर परत सरळ होतं.

अमृतरावांनी हे दोनदा वाचलं. मग तलवार टॉवेलात गुंडाळून ते गोरखच्या किराणा दुकानात गेले.

"काय तोलायचंय, अन्ना?"

"तोल तू. इचारू नको."

काटा दोन किलोच्या आसपास थांबला. टॉवेल काढून पुन्हा तोलली. टॉवेलाचा दोष नव्हता.

घरी येताना त्यांनी मनाशी हिशेब मांडला. ज्या-ज्या गोष्टीचं आपण कौतुक केलं, नेमकी तीच चुकलेली. इतकं अचूक चुकायलाही अभ्यास लागतो. पण खंडेनवमी तोंडावर आली होती, आणि धनगरवाड्यावर नॉर्वेचा माणूस थोडाच येणार होता? अमृतरावांनी ठरवलं, वजनाचा विषय काढायचाच नाही.

खंडेनवमीला दुपारी ते पोचले. हरिबाच्या अंगणात घोंगड्यावर कोयते, विळे, कातरी, एक फवारणीचा पॉवर पंपसुद्धा मांडला होता. मधोमध जागा ठेवली होती ती तलवारीला. सगळ्यात म्हाताऱ्या धोंडाबाईंनी हळद-कुंकू वाहिलं. माणसं बसली. शेळ्याही आल्या. अमृतराव उभे राहिले आणि बोलता बोलता रंगत गेले. समुद्र आला, वादळ आलं, शिडं फाटली. हरिबाची नात आरती भोरला कॉलेजात शिकते, ती पुढंच बसून मन लावून ऐकत होती. एवढं ऐकणारं माणूस समोर असलं की अमृतरावांचा ब्रेक लागत नसे.

"आन ह्या पात्याची खुबी काय? वाकवलं तरी सरळ हुतं!"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर आरतीनं विचारलं होतं, "दाखवता का, आजोबा?"

आता माघार घेणं आलं, नाहीतर वाकवणं आलं. अमृतरावांनी टोक अंगणात पडलेल्या फळीवर टेकवलं आणि वरून हलकेच भार दिला. पातं वाकलं. छान कमान झाली. त्यांनी हात सैल केला. कमान तशीच राहिली.

एक शेळी तेवढी ओरडली.

"मंडळी," अमृतराव म्हणाले, "खोटी तलवार वळकायची कशी, त्याचं हे प्रात्यक्षिक हुतं."

हरिबा खुशीत आला. "मंजी मास्तर, ती खोटी हाय हे तुमाला आदीच ठावं हुतं?"

'व्हय' एवढंच म्हणायचं होतं. जन्मभर ते म्हणत आलेच होते. पण समोर ती वाकडी तलवार, तिच्यावर धोंडाबाईंचं ताजं कुंकू, आणि आरतीचे विश्वासानं वर उचललेले डोळे. अमृतरावांना एकदम स्वतःचंच हसू आलं. पोट धरून हसले ते. मग फळीवरच बसले आणि म्हणाले, "न्हाई रं. म्हंजी दोन दिसांपूर्वी कळलं. त्याआदी म्या हिला लई वानली हुती."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. बारक्या हाताची माणसं, फावड्याएवढा पंजा, वाजणारी पट्टी, मंगलकाकूंची घुंगरं, गोरखचा काटा. एकेक गोष्ट सांगावी आणि माणसं लोळावीत. हरिबाचं पागोटं सुटलं. तलवार हातोहात फिरली. जो तो मूठ हलवून टकटक ऐकायचा आणि पुढच्याला द्यायचा. दोघा गड्यांनी ती गुडघ्यावर सरळ करायला घेतली, तर आता तिला दुसऱ्या बाजूनं बाक आला.

हसणं ओसरल्यावर आरती म्हणाली, "पण खरी कशी होती?"

अमृतरावांनी वाकडी तलवार बाजूला ठेवली. मग काचेआडच्या त्या काळ्या पात्याविषयी सांगितलं. कुणाच्या तरी हातात ती होती, त्याच्याबरोबर मातीत गेली आणि एवढ्या वर्षांनी वर आली. तिच्यापुढून पाय का निघेनात, ते आपल्याला अजून नीट सांगता येत नाही, असंही बोलले. या खेपेला वादळं नव्हती, शिडं नव्हती. जे पाहिलं होतं तेवढंच. अंगण ऐकत होतं, आणि अमृतरावांना वाटलं, एवढ्या वर्षांत आपलं बोलणं कुणी पहिल्यांदाच ऐकतंय.

निघताना तलवार खोक्यात मावेना. धोंडाबाई म्हणाल्या, "पुजल्याली वस्तू हाय, राहू दे हितंच." तेव्हापासून ती धनगरवाड्यावरच आहे, शेळ्यांच्या गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून. त्या कामाला मात्र ती फार दणकट निघाली, असं हरिबा सांगतो. गोठ्याला जड लागतं.

पुढं एकदा नसरापूरच्या स्टँडवर पुण्याच्या एका पोरानं अमृतरावांना विचारलं, "काका, तोरण्यावर किती तोफा होत्या हो?"

"मला ठाऊक न्हाई बाबा," अमृतराव म्हणाले.

शेजारी मंगलकाकू भाजीची पिशवी धरून उभ्या होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.